तुझ्या जागची बाई

माय, तुझ्या जागी आम्ही एक बाई बसवली होती. पन्नाशीची असेल. गोरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हसली की गालाला खळी. सुरतेला राहते आणि जाहिरातींत आईची कामं करते. आपल्या बिबड्यांच्या पाकिटावर तिचा फोटो, खाली हिंदीत 'ज्वार के पापड, माँ के हाथ का स्वाद', कारण 'माय' लिहिलं तर जिल्ह्याबाहेर कुणाला कळणार, असं सुरतेच्या जाहिरातवाल्याचं म्हणणं. लोक मला रस्त्यात अडवून सांगतात की तुमच्या आईचा व्हिडिओ पाहिला, डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही येतं, पण ते संतापाचं असतं. ज्या बाईने उभ्या जन्मात फोटोवाल्याला दाराच्या आत घेतलं नाही, तिच्या नावावर दुसरीच कुणीतरी गावोगावच्या फोनमध्ये हसत बसली आहे आणि तिला तिथे बसवणारी मी, तुझी पोटची पोर.

तू गेलीस तेव्हा हे सगळं नव्हतं. फोन होते, पण ते बोलायला होते. तुझ्यामागे वहिनीने आणि मी आपलं धानोऱ्याच्या घरातलं काम नंदुरबारला आणलं, मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकली, गल्लीतल्या बायका कामाला येऊ लागल्या. बरं चाललं होतं. मग एक दिवस आपला जुना किराणावाला म्हणाला, "ताई, तुमचा माल चांगला, पण ज्याचा व्हिडिओ येतो तेच पाकीट लोक मागतात." मी हसले. पुढच्या उन्हाळ्यात त्याने पाकिटं परत पाठवली तेव्हा हसू गेलं. अंगणात बसायला बायका होत्या आणि त्यांना द्यायला काम नव्हतं. ज्यांची चूल त्या अंगणावर चालते, त्यांच्यासमोर ताठ मानेने किती दिवस बसणार? म्हणून मीही त्या बाजारात उतरले, नाक मुठीत धरून.

आणि बाजार तरी कसला. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस आणि मग सगळ्यांचा उद्धार केला असतास. आपल्याकडचा हाडांचा डॉक्टर गळ्यात नळी अडकवून गाण्यावर नाचतो, मागे पाय प्लास्टरमध्ये टांगलेला पेशंट टाळ्या वाजवतो. साडीच्या दुकानाचा मालक रोज सकाळी डोळ्यांत पाणी आणून सांगतो की मी साड्या विकत नाही, नाती विणतो. पूर्वी पेपरचा बातमीदार जाहिरात घ्यायला यायचा आणि चहा पिऊन जायचा. आता त्याचंच स्वतःचं चॅनल आहे. दांड्याला फोन बांधून येतो आणि आधी विचारतो, बातमी करू की मुलाखत, दोन्हींचे भाव वेगळे आहेत. सातपुड्यातल्या पाड्यावरची माणसं गुजरातेतून मजुरी करून परतली, त्यांना एका पुढाऱ्याने स्टँडवर चादरी वाटल्या. एका म्हातारीला दिलेली चादर काढून घेतली आणि पुन्हा दिली, कारण पहिल्या वेळी पुढाऱ्याच्या तोंडावर ऊन नव्हतं. मी तिथेच उभी होते. म्हातारी बिचारी दोन्ही वेळा पाया पडली. याला आता जनसंपर्क म्हणतात. पूर्वी निदान संपर्क यायला जन लागायचे.

तुझी जाहिरात मला आठवते, म्हणजे तू जे करायचीस त्याला जर जाहिरात म्हणायचं असेल तर. मी आठ-नऊ वर्षांची आहे. आपण बाजारासाठी पॅसेंजरने खांडबाऱ्याला उतरलो आहोत, तुझ्या डोक्यावर पाटी, माझ्या काखेत गोणपाट. चहाच्या टपरीशेजारी तू पाटी मांडतेस आणि गप्प बसतेस. पलीकडचा बांगड्यावाला ओरडतो, भजीवाला ओरडतो, दात काढणारासुद्धा ओरडतो. मला वाटतं आपणच मागे पडलो. म्हणून मी उभी राहून बेंबीच्या देठापासून सुरू करते, घ्या बिबडे, कुरकुरीत बिबडे. तू माझ्या दंडाला असा चिमटा घेतेस की मी खालीच बसते. "काबर बोंबली ऱ्हायनी? कोन मरी गयं?" बिबडे ज्या पेपरात बांधायचे त्यातल्या जाहिराती तू बोट फिरवत वाचायचीस आणि नाक मुरडायचीस. "इतलं चांगलं शे, ते सांगनं काबर पडस?"

तू अगदी साधीभोळी होतीस असं मात्र मी म्हणणार नाही. ते त्या सुरतवाल्याने म्हटलं, माझ्याकडून ते होणार नाही. कुठल्या घरी लगीन निघालं याची बातमी तुला सगळ्यांच्या आधी लागायची आणि तू बिबड्यांची चवड पदराखाली घेऊन नुसतं 'चाखाले' म्हणून देऊन यायचीस. एखादी बाई घासाघीस करू लागली की म्हणायचीस, राहू दे, कळसाडीच्या पाटलीणबाईंना पाहिजेच आहेत. कळसाडीला तुझं कुणी नव्हतं, माय. पाटलीण तर नव्हतीच. पण तुझ्या थापेला एक मर्यादा होती. ज्या बाईला थाप मारली ती पुढच्या बाजाराला तुझ्यासमोर येऊन उभी राहणार होती आणि तू त्याच चहाच्या टपरीशेजारी बसलेली सापडणार होतीस. तोंड लपवायला जागाच नव्हती.

आणि एकदा तशी एक बाई आलीच. त्या वर्षी ज्वारी नीट निवडली गेली नव्हती की जात्याचा दगड झिजला होता, कोण जाणे, पण बिबड्यांत कचकच आली. खांडबाऱ्यातल्या एका किराणा दुकानदाराची बायको, माहेर आपल्याच भागातलं, भर बाजारात पाटीसमोर उभी राहिली आणि हातातला अर्धा बिबडा तुझ्या तोंडासमोर नाचवत म्हणाली, "हाऊ बिबडा शे का वाळू शे? मन्हा सासराना दात गया." माणसं जमली. भजीवाल्याने झारा थांबवला. मला वाटलं आता तू तिच्या सात पिढ्यांची उजळणी करणार. तू उठलीस, टपरीवाल्याच्या शेगडीवर एक बिबडा भाजलास आणि सगळ्यांसमोर उभ्याने खाल्लास. हळूहळू, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मला तुझ्या दातांखालची कचकच ऐकू येत होती. मग म्हणालीस, "कचकच शे. बाई खरं बोली ऱ्हायनी. आज कोनी लेऊ नका." पाटी बांधलीस आणि आपण भरल्या पाटीने परत निघालो. येताना गाडीत मात्र तू तिला अजिबात सोडलं नाहीस! "इतला बाजारमा माले एकलीले सांगती ते तिन्ही जीभ झडी जाती का?" समोरच्या बाकावरची माणसं नंदुरबार येईपर्यंत ऐकत होती. पुढच्या बाजाराला ती बाई पुन्हा आली आणि म्हणाली, आज तर कचकच नाही ना. तू म्हणालीस, "चाखी ले. तुन्हा सासराले दात शेत का आजून?" ती हसली. त्यानंतर तुम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींचं डोकं खात राहिलात की लोकांना तुम्ही बहिणी वाटायचात.

आता सुरतवाल्याचं ऐक. तो मूळचा आपल्याच तालुक्यातला, पण हे तो कुणाला सांगत नाही. गळ्यापर्यंत दाढी, टोकदार बूट, दर वाक्यात कनेक्ट. आमच्या अंगणात खुर्चीवर बसून त्याने मला समजावलं की मॅडम, लोक आता वस्तू घेत नाहीत, स्टोरी घेतात. मी म्हटलं, आमचे तर बिबडे घेतात, भाजून खातात. तो समजूतदारपणे हसला, गुरुजी मठ्ठ पोराकडे पाहून हसतात तसं. मग त्याने तुझा फोटो मागितला. तुझा फोटो एकच आहे, दादाच्या लग्नातला. त्यात तू फोटोवाल्याला हाकलते आहेस. हात पुढे आलेला आहे, हातामागे चेहरा झाकला गेला आहे, दिसतं ते फक्त उघडं तोंड आणि त्यातून बाहेर पडणारी शिवी. त्याने तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, आणि म्हणाला, "मॅडम, चिडलेली आई चालत नाही." मी विचारलं, मग कसली चालते? म्हणाला, सोसलेली.

म्हणून त्याने सोसलेली आई आणली, ती खळीवाली. शहाद्याकडे एका शेतावर पाहुण्यांसाठी बांधलेलं मातीचं घर आहे, आत टाइल्सची मोरी, बाहेर कंदील. तिथे चित्रण. चुलीत लाकडं पेटेनात म्हणून धूप लावून धूर केला. माय, तू गल्लीत सगळ्यांच्या आधी गॅस आणला होतास आणि तो दाखवायला शेजारणींना मुद्दाम चहाला बोलवायचीस. व्हिडिओत बापूंना दुसऱ्याच ओळीत मारून टाकलं. 'पती गेले, पदरात दोन लेकरं.' बापू तुझ्यानंतर गेले, आणि तू बिबडे विकत होतीस तेव्हा ते ओट्यावर पत्ते खेळत होते. मी म्हटलं, ते तर जिवंत होते. तो म्हणाला, मॅडम, जिवंत ठेवले तर इमोशन जातं. आणि मग त्या बाईने पदर कमरेला खोचला, समोर पोळपाट ओढला आणि लाटणं हातात घेतलं. मी ओरडले. बिबडा लाटत नाहीत हो, शिजवलेल्या ज्वारीचा घाटा असतो तो, ओल्या धोतरावर ओल्या हाताने थापायचा असतो. लाटायला गेलात तर लाटण्यालाच चिकटून बसेल. तो म्हणाला, माहीत आहे, ते गव्हाचं पीठ आहे. थापताना नुसता हात दिसतो, लाटताना बांगड्या वाजतात. खाण्याचा कुर्रकन आवाजसुद्धा बटाट्याच्या वेफर्सचा होता, तो मागाहून घातला.

व्हिडिओ चालला. असा चालला की पुण्याहून, सुरतेहून, कुठून कुठून मागण्या आल्या. अंगणात बायकांना बसायला जागा पुरेना. कुठल्याशा नवराबायकोने गाडीत बसून, कच्चाच बिबडा चावून, डोळे मिटून मान हलवली, त्यानेही मागण्या वाढल्या. वहिनी म्हणाली, सोडा ना ताई, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो. मी सोडलं. शिव्या देत सोडलं, पण सोडलं. अंगणातल्या बायका खूश होत्या आणि तुला लाटताना पाहून हसतही होत्या.

एक दिवस त्यांतलीच एक म्हणाली, ताई, व्हिडिओखाली कुणीतरी आपल्या बोलीत लिहिलं होतं, आता दिसत नाही. मी सुरतवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "हो मॅडम, निगेटिव्ह कमेंट होती, हाइड केली. वर चाळीसेक चांगल्या टाकून घेतल्या. टेन्शन घेऊ नका." मी म्हटलं, काय होती ती पाठव. त्याने पाठवली. "हाई तुन्ही माय नही. ती थापे, लाटे नही. काबर खोटं सांगी ऱ्हायनी?" नाव एका पोराचं होतं, गाव खांडबारा. मला विचारावं लागलं नाही की हे कुणी लिहायला सांगितलं. ज्या बाईचं तू भर बाजारात ऐकून घेतलंस, तिचं तोंड आम्ही एका बोटाने बंद केलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खांडबाऱ्याला गेले. दुकान आता तिचा नातू चालवतो, ती मागच्या खोलीत बाजेवर. डोळे पार गेलेत. माझा आवाज ऐकून म्हणाली, "ये. त्या बाईले लयनी नही का संगे?" मी तिच्या पायाशी बसले. मला वाटलं होतं की तिने व्हिडिओ पाहिला असेल. तिने ऐकला होता. नातू फोन लावतो, ती ऐकते. आधी तिला त्या बाईचा आवाज खटकला. "तुन्ही माय कधी इतलं गोड बोलनी का?" मग बांगड्यांबरोबर लाटण्याची खटखट ऐकली आणि तिने नातवाला लिहायला बसवलं. मी म्हटलं, मावशी, ती कमेंट मी काढली नाही, त्या लोकांनी काढली. तिने मान फिरवली. "दुकान कोनं शे? तुन्हं. तुन्ही मायनी बठ्ठा बाजारसामने मन्हं ऐकी लिधं. तू ते मन्हं तोंडच दाबी दिधं." तिच्या सुनेने चहा आणला, तो प्यायले. निघताना तिने माझा हात धरला. "मन्हा डोयासमोर ती आजून उभी शे. तुन्हासमोर ऱ्हास का?" मी म्हटलं, "ऱ्हास ना." तिने हात सोडला.

स्टेशनवरूनच सुरतवाल्याला सांगितलं की ती कमेंट आधी उघड. उघडली. तिच्याखाली लोक भांडायला लागले, आई खरी की खोटी, बिबडा लाटतात की थापतात, आणि त्या भांडणामुळे व्हिडिओ आणखी चालला. तो आनंदाने फोनवर म्हणाला, मॅडम, त्या आजी मिळतील का? आंधळी मैत्रीण, मस्त स्टोरी आहे. रडवू लोकांना. माय, मी चारचौघांत बोलू नये ते सगळं त्याला फलाटावर उभी राहून बोलले. तुझ्याच शब्दांत बोलले, एकही बदलला नाही. समोरच्या बाकावरची माणसं ऐकत होती. शेवटी म्हटलं, तुझा कॅमेरा खांडबाऱ्याला उतरला तर मी तो रुळावर ठेवीन. त्याचं काम बंद केलं, व्हिडिओ काढायला लावला. नव्या पाकिटावर कुणाचंच तोंड नाही, नुसता बिबडा आहे, थापलेला, बोटांच्या खुणांसकट. मागण्या कमी झाल्या आहेत. बायकांना आता एक दिवसाआड बोलावते. तुझ्यासारखी चाखायला चवड घेऊन लग्नघरं फिरते, लोक मला हसतात. आणि तो व्हिडिओ काही मेलेला नाही. कुणी कुणी तो आधीच उचलून ठेवला होता. गुजरातेतला एक खाखरेवाला तोच लावतो, त्यात ती बाई आता त्याची आई आहे.

हे पत्र मी फोनवर लिहिलेलं नाही. कुणाला दाखवणारही नाही, वहिनीलासुद्धा नाही, कारण ते फिरत फिरत त्या दाढीवाल्याच्या हाती लागलं तर तो म्हणेल, मॅडम, हेच तर कंटेंट आहे. आणि खांडबाऱ्याच्या बाजाराचं लिहिताना क्षणभर माझ्याही मनात आलं की हे चालेल. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःला दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण 'ऱ्हास ना' म्हणून मावशीशी मी खोटं बोलले, माय. तू शेगडीजवळ उभी राहून कचकच करणारा तो बिबडा खातेस, भजीवाला थांबला आहे, मी गोणपाट धरून बघते आहे, हे सगळं मला लख्ख दिसतं. कचकचही ऐकू येते. मी मान वर करून तुझ्या तोंडाकडे बघते, तर गालाला खळी पडलेली असते.